व्हिसाची मुलाखत आणि आपले आईवडील
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही आपल्या आईवडिलांच्या व्हिसासाठी जे केलेत ते सर्वांना सांगा. आपल्या भागात कोणाचा ना कोणाचा मुलगा परदेशी आहेच." म्हणून उभी राहिले आहे. जे मी पाहिले, विचारून घेतले आणि स्वतः करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

हा विषय मंडळात कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे कारण सांगते. मुलगा तिकडे असतो. तो फॉर्म तिकडून भरतो, पैसेही तिकडून पाठवतो. परंतु म्हाताऱ्या माणसांजवळ संध्याकाळी बसून "उद्या काय विचारतील?" या त्यांच्या काळजीला उत्तर देणारी इथलीच कोणीतरी बाई असते. कधी लेक, कधी सून, कधी शेजारीण. तेव्हा हे काम आपल्याकडे येणारच आहे. मग ते नीट समजून का करू नये?

आधी थोडी माहिती. इंग्लंड, कॅनडा वगैरे देशांत नुसते भेटीला जायचे असेल तर बहुतेक कागदांवरच निकाल लागतो. बोटांचे ठसे आणि कागद दिले की आपले काम झाले. अमेरिकेचे तसे नाही. तेथे माणसाला समोर उभे करून दोन प्रश्न विचारतात, आणि मग ठरवतात. आपल्या बाजूची ही मुलाखत मुंबईत अमेरिकन वकिलातीत होते. ही वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला समुद्राकाठी, लिंकन हाऊस नावाच्या वास्तूत होती. २०११ साली ती वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आपल्याला ते बरेच झाले, कारण हार्बरच्या गाडीने कुर्ल्याला उतरले की पुढे रिक्षाचा रस्ता आहे.

या व्हिसाची फी १७ जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर झाली आहे. पूर्वी ती १६० होती. नवराबायको दोघांचे मिळून ३७० डॉलर झाले. व्हिसा मिळो अथवा न मिळो, ही फी परत मिळत नाही. त्याखेरीज तारखेसाठी थांबावे लागते ते वेगळे. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये नेहमीच्या मुलाखती बंद पडल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा इतकी गर्दी साचली होती की २०२२ साली पहिल्यांदा जाणाऱ्यांना वर्षाहून अधिक काळ तारीख मिळत नव्हती. २०२३ च्या जानेवारीत तर शनिवारीसुद्धा मुलाखती घेतल्या. पूर्वी ऐंशी वर्षांच्या माणसांना मुलाखतीतून सूट होती. २ सप्टेंबर २०२५ पासून तीही गेली. आता वय कितीही असो, थोडे अपवाद सोडले तर खिडकीपुढे उभे राहावे लागते.

आता मुख्य गोष्ट. ती नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. अमेरिकेचा १९५२ सालचा एक कायदा आहे. त्याच्या २१४(ब) या कलमाप्रमाणे, भेटीला येऊ पाहणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतो आहे, असे आधी धरून चालतात. तसे नाही हे आपण पटवून द्यायचे असते. म्हणजे खिडकीच्या पलीकडचा साहेब किंवा बाई काहीही विचारो, त्यांच्या मनात प्रश्न एकच असतो, "हे परत येतील काय?" यात आपला अपमान नाही. तो माणूस आपल्यावर रागावलेलाही नसतो. त्याला कायद्याने घातलेले कामच तसे आहे. एवढे एक आईवडिलांना समजावले की निम्मी भीती जाते.

या कायद्यातून दुसरीही एक गोष्ट निघते. आपल्याकडे सर्वांचा भर मुलाच्या पत्रावर असतो. मुलगा लिहितो, "मी सर्व खर्च करीन, त्यांना वेळेवर परत पाठवीन." त्याची पगाराची चिठ्ठी, बँकेचा कागद, घराचा कागद असे सारे बाड म्हाताऱ्यांच्या हाती दिले जाते. ते असू द्यावे, खर्चाचे विचारले तर दाखवता येते. परंतु अमेरिकेच्या सरकारनेच स्पष्ट सांगितले आहे की या व्हिसासाठी निमंत्रणाचे पत्र लागत नाही. तिथल्या नातेवाइकाच्या हमीवर हा व्हिसा मिळत नसतो. अर्ज करणाऱ्याचे आपल्या स्वतःच्या देशात काय आहे, त्यावर तो मिळतो. आपण सगळे तिकडचे कागद गोळा करत बसतो, आणि इकडचे काय हे कोणी विचारतच नाही.

आता माझ्या घरचे सांगते. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, पाटण तालुक्यातले. तरुणपणी मुंबईस आले आणि माथाडी कामगार झाले. पुढे कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला आला तेव्हा तेही इकडे आले आणि कोपरखैरण्यात राहिले. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी आणि फंड मिळाला, त्या फंडावर आमचे घर उभे राहिले आणि माझा धाकटा भाऊ इंजिनिअर झाला. आता आबा आणि आई वर्षातले सात-आठ महिने गावी असतात. थोडी भातशेती आहे. भाऊ न्यू जर्सीत एडिसनला आहे. त्याला मुलगी झाली, ती चालू लागली, आणि आईआबांनी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिले होते.

२०२३ च्या दिवाळीनंतर भावाने त्या दोघांचा व्हिसाचा अर्ज करायचे ठरवले. या अर्जाला डीएस-१६० म्हणतात. तो सारा इंग्रजीत असतो आणि संगणकावर भरायचा असतो. मी भावाला सांगितले, "तू भर, पण पाठवण्याआधी मला दाखव." तो म्हणाला, "ताई, तो फार लांब आहे, तुला कशाला त्रास?" मी म्हटले, "खिडकीपुढे तू उभा राहणार नाहीस, आबा राहणार आहेत. त्यांच्या नावाने काय लिहिले आहे ते त्यांना माहीत नको काय?" त्याने फोनवर पाठवला. माझी मुलगी कॉलेजात जाते, ती इंग्रजी वाची आणि मी ते आबांना-आईला मराठीत सांगे. तीन संध्याकाळी लागल्या. आज माझे सर्वात आग्रहाचे सांगणे हेच आहे. फॉर्म पाठवण्यापूर्वी तो ओळीने मराठीत वाचून दाखवावा. त्याचे किती उपयोग झाले ते पाहा.

कामधंद्याच्या रकान्यात भावाने लिहिले होते, 'निवृत्त, बाजार सुपरवायझर'. मुलीने वाचले आणि आबा गप्प झाले. मग म्हणाले, "मी कुठं सुपरवायझर होतो? मी माथाडी. पाठीवर पोती वाहिली. तेच लिहायचं." भावाचा हेतू वाईट नव्हता. बापाचे जरा चांगले दिसावे असे त्याला वाटले असेल. मी त्याला फोनवर एवढेच म्हटले, "समजा साहेबाने विचारले, तुमच्या हाताखाली किती माणसे होती? आबा काय सांगतील?" त्याने लगेच बदलले. खोटे सांगून व्हिसा मागितल्याचे सिद्ध झाले तर त्या माणसाला कायमची बंदी येऊ शकते, असा तिथला कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या कामावर घर उभे राहिले ते लपवून आबांना सुनेच्या घरी जायचे नव्हते, आणि मला ते पटले.

आईची गोष्ट वेगळी. तिच्या पासपोर्टावर जन्मतारीख १ जून आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी ही तारीख असेल, कारण शाळेत घालताना मास्तर सर्वांना १ जूनच लावीत. आईला आपली तारीख माहीत नाही. ती सांगते, "कोयनेचा मोठा भूकंप झाला तवा मी धा वर्साची हुते." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यावरून साल बरोबर जुळते. पण खिडकीवर भूकंप सांगून भागणार नाही. पासपोर्टावर जे आहे तेच बोलले पाहिजे. म्हणून तिला तारीख आणि साल पाठ करविले. पाठ करवून घेण्याची गोष्ट ती तेवढीच.

तिसरे, माहेरचे नाव. तुम्हाला पूर्वी दुसरे नाव होते काय, असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पहिले नावसुद्धा बदलत. तेव्हा माहेरचे पूर्ण नाव त्या रकान्यात द्यावे. खेरीज आपल्या आईवडिलांची नावे व जन्मतारखा विचारतात. त्यांच्या तारखा ठाऊक नसतील तर 'माहीत नाही' असे नोंदवण्याची सोय आहे. उगाच काहीतरी ठोकून देऊ नये. फॉर्म भरायला कोणी मदत केली काय, असेही विचारतात. मुलाने भरला असेल तर त्याचे नाव द्यावे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

शेवटी शेवटी प्रश्नांची एक लांब माळ येते. तुम्ही कधी दहशतवादी कृत्य केले आहे काय, माणसांची चोरटी ने-आण केली आहे काय, अशी. आबांना फार नवल वाटले. म्हणाले, "केलं असलं तरी इथं कोण हो म्हणंल?" आम्ही हसलो, पण तेही प्रश्न एकेक करून ऐकवले. आपल्या नावाने दिलेले प्रत्येक उत्तर आपल्याला माहीत असावे.

आता एजंटाविषयी. कोणीतरी आबांना एका एजंटाकडे नेले होते. त्याने पैसे घेऊन चाळीस प्रश्नांची इंग्रजी उत्तरे लिहिलेले कागद दिले आणि ते पाठ करायला सांगितले. आबा रात्री दोनदोन वाजेपर्यंत ते पुटपुटत बसत. सकाळी विचारले तर एकाचे उत्तर दुसऱ्याला देत. त्यांचे जेवण कमी झाले. मी ते कागद उचलून कपाटात ठेवले आणि म्हटले, "आबा, हे तुमचे नाही. तुमचे तुम्हाला पाठ करावे लागणार नाही."

असे म्हणायला कारण होते. आमच्या ओळखीचे एक जोडपे असेच पढवलेले गेले. 'कशासाठी जाता' असे विचारताच त्यांनी सांगितले, नायगारा धबधबा पाहायला. त्यांच्या फॉर्ममध्ये लिहिले होते सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे. फॉर्म एक सांगतो, तोंड दुसरे सांगते, असे झाले. व्हिसा मिळाला नाही. सुनेच्या बाळंतपणाला आपल्या माणसांनी जाणे यात लपवायचे काय आहे? जे खरे तेच लिहावे आणि तेच बोलावे. या व्हिसावर तिथे पगाराचे काम मात्र करता येत नाही, हे घरात सर्वांना माहीत असावे.

मग तयारी कशी केली? मी रोज संध्याकाळी चहाच्या वेळी आबांना एखादाच प्रश्न विचारी, तोही गप्पांत. कोणाकडे जाणार? मुलगा काय काम करतो? किती दिवस राहणार? खर्च कोण करणार? पूर्वी परदेशी गेला होता काय? इथे तुमचे काय आहे? मागे कोण बघणार? एवढेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तर लांबले की मी म्हणे, "आबा, एका वाक्यात." कारण मुलाखत दोनचार मिनिटांची असते. आबांना विषय मिळाला की ते १९७२ च्या दुष्काळापासून सुरू करतात. विचारले तेवढेच सांगावे, मग थांबावे, हीच आमची सारी शिकवणी. मुलाच्या कंपनीचे नाव आणि गावाचे नाव मात्र नीट म्हणता आले पाहिजे. आपला मुलगा काय करतो हे बापाला सांगता आले नाही तर ऐकणाऱ्याला शंका येणारच.

आईचा धीर होत नव्हता. ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. माझ्यापायी त्यांचं अडलं तर? त्यांना एकट्यालाच जाऊ दे." हे ऐकून मला फार वाईट वाटले. मी तिला म्हटले, "आई, तिथे वाचायला देत नाहीत, बोलायला सांगतात. आणि मराठीत बोलायचे असेल तर तसे सांगता येते, दुभाषी मिळतो." इंग्रजीवाचून अडत नाही, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. मोडके इंग्रजी बोलून भलताच अर्थ होण्यापेक्षा आपल्या भाषेत सरळ बोलावे.

एक अडचण मात्र मला आधी सुचली नसती, ती एका शेजारणीने सांगितली. मुलाखतीच्या आधी एका केंद्रात दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ते केंद्रही वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. ज्यांचे आयुष्य हाताच्या कामात गेले त्यांचे ठसे झिजलेले असतात. आबांची बोटे पोत्यांनी घासलेली, आईची भांड्यांनी आणि भातलावणीने. मी पंधरा दिवस रोज रात्री दोघांच्या बोटांना खोबरेल तेल चोळले, आणि आईला भांडी घासू दिली नाहीत. तरी यंत्राने पुष्कळदा बोटे मागितली. तिथल्या मुलीने न कंटाळता पुन्हा पुन्हा घेतली, आणि झाले. तेव्हा ठसे लवकर उमटले नाहीत तर घाबरू नये. बोट कापले असेल, भाजले असेल तर ते मात्र आधी बरे होऊ द्यावे. निराळा फोटो लागला तर तो पांढऱ्या पडद्यापुढे, चश्मा काढून घ्यावा. १ नोव्हेंबर २०१६ पासून चश्म्याचा फोटो चालत नाही.

ठशांच्या दिवशी आम्ही मुद्दाम गाडीने गेलो. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून हार्बरने कुर्ला, पुढे रिक्षा. त्यामुळे रस्ता, वेळ आणि वकिलातीचे दार दोघांनी पाहून ठेवले. मुलाखतीच्या दिवशी निदान रस्त्याची चिंता राहिली नाही. तेथे फोन आत नेऊ देत नाहीत, मोठी पिशवीही नाही, आणि बरोबर आलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. म्हणून आबांच्या हाती एक साधी प्लास्टिकची फाईल दिली. तिच्यात पासपोर्ट, फॉर्मचा शिक्क्याचा कागद, तारखेचा कागद, आणि मागे गावचा सातबारा, फंडाची व बँकेची पुस्तके एवढेच ठेवले. कोणत्या कागदावर काय आहे ते दोघांना दाखवून ठेवले. घड्याळ लावून फोन घरी ठेवायला सांगितला. बाहेर आल्यावर कुठे भेटायचे ती जागा ठरवली.

२०२५ च्या जानेवारीत मुलाखत झाली. मी बाहेर थांबले होते, तेव्हा आत काय झाले ते दोघांनी सांगितले तसे सांगते. आबांनी पहिल्याच वाक्यात मराठीत बोलायचे आहे असे सांगितले. दुभाषी बाई आल्या. "काय काम करत होता?" "माथाडी. बाजारात पोती उचलायचो." "आता?" "गावी भातशेती आहे." "तुम्ही गेल्यावर शेती कोण करील?" आबा म्हणाले, "लावणी चुलतभाऊ करील. कापणीला मी पाहिजे. गणपतीच्या आधी परत येणार." सातबारा हातात धरला होता, पण कोणी मागितला नाही.

मग आईला विचारले, "इथे तुमचे कोण आहे?" आई म्हणाली, "माझी लेक आहे. भाईर हुबी आहे."

भगिनींनो, मी नंतर मुलीला सांगून तो फॉर्म पुन्हा पाहिला. अमेरिकेत तुमचा मुलगा आहे काय, मुलगी आहे काय, भाऊ आहे काय, त्यांचे तिथे काय स्थान आहे, हे सारे त्यात विचारले आहे. पण इथे मागे राहिलेल्या लेकीचे नाव विचारणारा रकानाच नाही. ज्या माणसांमुळे आईवडील परत येणार, ती माणसे कागदावर नसतात. ती तोंडानेच सांगावी लागतात. आणि ती सांगायची असतात, हे त्यांना आधी कळलेले असावे लागते. मुलाने पाठवलेल्या बाडात लेक नसते, शेजार नसतो, गौरीगणपती नसतात, शेताचा बांध नसतो. आपल्या माणसांना आपण आठवण द्यायची ती याची. "तुमचे इथे काय आहे?" हा प्रश्न घरीच विचारावा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. माझ्या आईला तिचे उत्तर कोणी शिकवले नव्हते.

त्या दिवशी दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे बहुधा व्हिसा झाला असे समजावे. पासपोर्ट आणि एक छापील कागद परत हाती आला तर बहुधा नकार. आता नकाराबद्दलही बोलले पाहिजे, कारण सर्व नीट करूनही कधी नकार येतो. त्या २१४(ब) कलमाखाली नकार आला तर त्यावर अपील नसते, पण पुन्हा अर्ज करता येतो. त्यासाठी फी पुन्हा भरावी लागते. परिस्थितीत काही बदलले नसेल तर लगेच धावू नये. नकार आला म्हणून म्हाताऱ्यांना "तुम्ही काय बोललात तिथे?" असे विचारून टोचू तर मुळीच नये. ती माणसे आधीच खचलेली असतात.

व्हिसा मिळाल्यावरचे दोन शब्द. हा व्हिसा आपल्या लोकांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षे राहता येते असा नाही. दहा वर्षांत जाता-येता येते, एवढाच. एका खेपेस किती राहायचे ते तिथे विमानतळावर उतरल्यावर अधिकारी ठरवतो, आणि ते साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते. ती तारीख मुलाला लगेच पाहून ठेवायला सांगावी. मुदत उलटून १८० दिवसांहून अधिक राहिले तर तीन वर्षांची बंदी येते, एक वर्ष किंवा अधिक राहिले तर दहा वर्षांची. दवाखाना तिकडे अतिशय महाग आहे, म्हणून निघण्यापूर्वी आजारपणाचा विमा काढावा, आणि रोजची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावी.

आईआबा गुढीपाडवा करून एप्रिलमध्ये गेले आणि ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी परत आले. त्यानंतर आमच्या घरात गौरी आईनेच बसवल्या, आणि भाताच्या कापणीला आबा शेतात होते.

अजून एक सांगायचे आहे, आणि ते सर्वांच्या आधी करायला हवे. आईवडिलांना जायचे आहे काय, हे त्यांना विचारावे. मुलाने ठरवले, तिकीट काढले, तारीख घेतली, आणि म्हातारी म्हणते, "मला तिथं सहा महिने बंद घरात करमणार न्हाई," असेही मी पाहिले आहे. ज्याला मनापासून जायचे नाही त्याच्या तोंडून खिडकीवर सरळ उत्तर कसे येईल? किती दिवस राहायचे तेही त्यांनीच ठरवावे. आमच्या आईने चार महिने सांगितले, आणि भावाने सहाचा हट्ट धरला तेव्हा मी तिच्या बाजूने उभी राहिले.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक दुपार आपण या कामासाठी ठेवावी. ज्यांच्या घरी असा फॉर्म आला असेल त्यांनी तो घेऊन यावा. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली इंग्रजी वाचतील, आपण मराठीत सांगू. आजीआजोबांना समोर बसवून चार प्रश्न विचारू. यास पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. एजंटाचे हजारो रुपये वाचतील, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या माणसांची झोप वाचेल. पहिल्या दुपारी मी चटई आणि चहा घेऊन हजर राहीन.